तुटलं तिथनं

विशाखाच्या वहीत मिस अर्मिंडांनी
पेन्सिलीनं लिहिलंय :
तिसरी ओळ. फक्त चार घरं. फक्त डावा हात.
सात वेळा. हळू.
'हळू'च्या खाली दोन रेघा.
खाली पालकांची सही पाहिजे,
म्हणून रोज रात्री मी सही करतो
ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही त्याच्याखाली.

मिसचा पियानो तिकडं कॅम्पात,
आमच्या वडगावात एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड,
जुना घेतलेला, एक काळी पट्टी मुकी.
बॉबिनच्या पेटीवर ठेवलाय.
भिंतीपलीकडं दोन माग.
मिस म्हणाल्या, ठेका धरायला घरात काहीतरी पाहिजे.
म्हटलं, आहे की,
खरं ते हळू चालत नाही.

साडेसात ते आठ माग बंद.
अर्ध्या तासाचं दीड वार कापड
मी कुणाला सांगत नाही.

पोरगी बसली की पहिल्यापासनं सुटते,
तिसऱ्या ओळीत अडते,
परत पहिल्यापासनं.
तीन आठवडे ऐकतोय.
पहिली ओळ आता उंबऱ्यासारखी झिजून गुळगुळीत,
आणि तो खड्डा होता तिथंच.

बायकोचा कान माझ्यापेक्षा तिखट.
भाकरी थापता थापता आतनं म्हणते, "चुकलं!"
तिला मिसनी निरोप धाडलाय :
चुकलं ते आधी पोरीला ऐकू येऊ दे.
तेव्हापासनं ती त्या जागी
परातीवर नुसता हात थांबवते.
तेही ऐकू येतं म्हणा.

मला सूर कळत नाहीत.
खरं ताण्यातला धागा तुटला
तर पदरापासनं साडी कोण विणतं?
माग थांबवायचा, टोक हुडकायचं,
गाठ मारायची,
दोन बोटं कापड हातानं पुढं सरकवून बघायचं, धरतंय काय,
मग मोटार.

सांगितलं तिला.
"पप्पा, ते वेगळं असतंय."
अकरा वर्षांची आहे, तिला सगळं वेगळं असतंय.
मी जकार्डचं एक जुनं कार्ड आणून
वहीशेजारी ठेवलं. यात भोकं, त्यात ठिपके.
एक भोक चुकलं की काठावरचा मोर लंगडा होतो.
मग काय करतो आम्ही? सगळी माळ जाळतो?
ती हसली. मोराला हसली, मला नव्हे.

सात बॉबिनी या डब्यात.
एकदा वाजवलं की एक त्या डब्यात.
चौथ्याला रडली.
"मला येतच नाही, मी सोडतो!"
इकडच्या पोरी अशाच बोलतात, जातो, करतो, सोडतो,
पुण्याची आत्या हसते त्याला.
मी काहीच म्हटलं नाही.
शाब्बास म्हणायलासुद्धा मिसनी बंदी घातलीय,
फुकटची शाब्बास नको, म्हणाल्या, स्वस्त होते.
पाचवी बॉबिन ती बराच वेळ हातात धरून बसली,
दोरा सुटला तिचा थोडा.

सहाव्याला लाईट गेली.
कीबोर्ड मेला. गल्लीतले सगळे माग
एकदम गप्प झाले,
वडगावात अशी शांतता म्हणजे कोण तरी वारल्यासारखी.
मेणबत्ती हुडकायला उठलो
तर अंधारात टक्, टक् टक्, टक्.
मेलेल्या पट्ट्यांवर डावा हात.
आवाज नाही, नुसती बोटं,
आणि त्या खड्ड्याच्या जागी
बोटं थांबली नाहीत.

परत वाजवलं. परत थांबली नाहीत.
आतनं परातीचाही आवाज तुटला नाही.

मी काडी ओढली नाही.
डब्यात बॉबिन पडल्याचं ऐकलं. सातवी.

लाईट आली आठ वाजून दहाला.
शेजारी हणमंताचा माग लगेच सुरू.
आणि आमच्या कार्टीनं
परत पहिल्यापासनं सुरू केलं.

मी मागाकडं गेलो नाही.
तिसरी ओळ यायची होती.